वाटणी आणि वारसा : रोह्याचे चिंतामणराव देशमुख

आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी बँकेतले अनुभव लिहा, असा समितीतल्या तरुण मंडळींचा आग्रह होता. बँकेतल्या माणसाचे अनुभव म्हणजे व्हाउचर, लेजर आणि वर्षअखेरचं बॅलन्सिंग. ते कोण वाचणार? म्हणून मी टाळत होतो. पण गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप मिळाला.

सभेत सेक्रेटरींनी एक यादी वाचली. ज्या सभासदांनी अजून नॉमिनेशनचा फॉर्म भरून दिलेला नाही, त्यांच्या फ्लॅटचे नंबर त्यात होते. यादी बरीच लांब होती आणि तिच्यात माझ्याही फ्लॅटचा नंबर होता. सेक्रेटरी वयाने माझ्या मुलाएवढे. नंबर वाचताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. छत्तीस वर्षं बँकेत मी लोकांना नॉमिनेशनची सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं, आणि स्वतःचं शेअर सर्टिफिकेट मात्र कपाटात तसंच पडलेलं!

त्या रात्री घरी आलो आणि मला आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख आठवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण सगळे त्यांना ओळखतो. बँकेत लागलेल्या आम्हा रोहेकर पोरांना तर त्यांच्या नावाचा कोण अभिमान. पण या माणसाचं आयुष्य दुसऱ्या एका बाजूनेही बघता येतं. ते जन्मभर दुसऱ्यांच्या वाटण्यांचं काम करत होते. कोणाची जमीन, कोणाचा पैसा, कोणाच्या मागे कोणाला काय मिळणार, हे प्रश्न त्यांच्या टेबलावर पुन्हा पुन्हा आले. आणि त्यांनी स्वतः मागे काय ठेवलं, ते तर फारच विचार करण्यासारखं आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन संक्रांतीच्या सुमाराचा. जन्म महाडजवळच्या नाते गावी झाला, रायगड किल्ल्याच्या परिसरात. घर मात्र रोह्याचं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील, आई भागीरथीबाई. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. कोकण रेल्वे सोडा, दिव्याहून येणारी गाडीसुद्धा स्वप्नात नव्हती. अशा गावातला मुलगा मुंबईला शिकायला गेला, १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात शास्त्र विषय घेतले आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर आला. संस्कृतवरचं प्रेम शेवटपर्यंत टिकलं. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, हे बऱ्याच बँकवाल्यांना माहीत नसतं.

१९२० साली ते परत आले ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या नोकरीत. तिथे डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर अशी कामं त्यांनी केली. सेटलमेंट म्हणजे गावोगाव फिरून जमीन कोणाच्या नावावर, कसतो कोण, सारा किती, हे कागदावर पक्कं करायचं. पेण-रोह्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आजही आपल्याकडे कितीतरी सातबाऱ्यांवर पणजोबांची नावं आहेत, आणि त्या नावांखाली तिसऱ्या-चौथ्या पिढीचे वीस-पंचवीस वारस. कोणी मुंबईत, कोणी बडोद्याला, कोणी परदेशी. एक सही मिळत नाही म्हणून सगळं अडतं.

१९३९ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेत आले. त्याच सुमारास, लढाईच्या धामधुमीत, त्यांच्याकडे शत्रूच्या मालमत्तेचे अभिरक्षक म्हणूनही काम होतं. जर्मन वगैरे लोकांची इथली मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली होती, ती सांभाळायची. दुसऱ्याचा माल आपल्या हाती असतो, पण आपला नसतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे नॉमिनीच्या बाबतीत लागणार आहे.

११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. तिथेच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. पण त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत मोठी वाटणी आली १९४७ साली. देशाची फाळणी झाली, तशी रिझर्व्ह बँकेचीही. काही महिने रिझर्व्ह बँक ही दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचं काम तिने पाहिलं. नोटा कुणाच्या, सोनं कुणाचं, देणी कुणाची, हे सगळं ठरवायचं होतं. सरकारी शिलकीतून पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी रुपये ठरला. त्यातले २० कोटी आधी दिले. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजी उपोषणाला बसल्यावर दिले गेले. त्या ५५ कोटींवरून काय काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातून एवढंच दिसतं, की वाटणी आकड्यांत ठरली तरी मनात ठरलेली नसेल तर ती पुरी होत नाही. घराचंही तसंच आहे.

१९४९ च्या जूनअखेर ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी रोझिना इंग्लंडमध्ये वारल्या. त्यांना प्रिमरोज ही एक मुलगी. पुढे १९५० साली पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठवलं. म्हणजे आपल्या आजोबा-वडिलांनी त्यांना मतं दिलेली आहेत.

आता मुख्य गोष्ट. १९५३ साली चिंतामणरावांनी इस्टेट ड्युटीचा कायदा संसदेत तडीस नेला. १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो लागू झाला. माणूस मेला की त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर, वारसांत ती वाटली जाण्याआधी, सरकारचा कर. सुरुवातीला अविभक्त कुटुंबातल्या हिश्शाला ५० हजार आणि इतर मालमत्तेला १ लाख रुपयांपर्यंत सूट होती, त्यामुळे सर्वसामान्य माणसाला त्याची झळ नव्हती. हेतू असा, की मूठभर घराण्यांत संपत्ती साठत जाऊ नये आणि पंचवार्षिक योजनांना पैसा मिळावा. पळवाट बंद करायला त्यात एक कलम होतं. मरणाआधी दोन वर्षांच्या आत मुलाबाळांना बक्षीस दिलेली मालमत्तासुद्धा मेलेल्या माणसाचीच धरायची. सार्वजनिक धर्मादायाला दिलेली असेल तर मुदत फक्त सहा महिन्यांची. म्हणजे कायद्याचं सांगणं असं की, द्यायचं तर वेळेवर द्या, शेवटच्या घटकेला नको.

मी बँकेत लागलो तेव्हा हा कायदा जिवंत होता. मोठ्या खातेदाराचं निधन झालं की घरचे लोक इस्टेट ड्युटीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे, कारण त्याशिवाय कोर्टातून वारस दाखला हाती पडत नसे. पुढे दर वाढत वाढत वरच्या टप्प्याला ८५ टक्क्यांपर्यंत गेला. श्रीमंतांनी वकील गाठले, ट्रस्ट केले, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या फायली केल्या. सरकारच्या हाती वर्षाला २० कोटींच्या आसपास रक्कम यायची आणि वसुलीचाच व्याप मोठा. शेवटी १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. मी देशमुखांचा भक्त असलो तरी हिशोब सरळ मांडला पाहिजे. त्यांचा हा कायदा फसला. माणूस कर चुकवायला जेवढी अक्कल लावतो, तिच्या निम्मी जरी घरात नीट वाटणी करायला लावली असती, तर निम्मी दिवाणी कोर्टं ओस पडली असती.

याच काळात आपल्याच जिल्ह्यातला दुसरा एक माणूस हाच प्रश्न कायद्याशिवाय सोडवायला निघाला होता. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, म्हणजे देशमुखांपेक्षा चारच महिन्यांनी मोठे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली, आणि मग ते गावोगाव पायी फिरले. त्यांची मागणी साधी होती. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा भूमिहीनांसाठी द्या. बघा, पेणचा माणूस मन वळवून हिस्सा मागत होता आणि रोह्याचा माणूस कायदा करून घेत होता. १९५८ साली विनोबांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९५९ साली चिंतामणरावांना. गेलेही दोघे एकाच वर्षी, सहा आठवड्यांच्या अंतराने.

अर्थमंत्री असताना देशमुखांनी आपल्या सर्वांच्या घरात पोचणारी आणखी दोन कामं केली. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायचं ठरलं. १९ जानेवारी १९५६ ला त्यांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या आणि संस्था सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांतून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. जमीनजुमला नसलेल्या नोकरदार माणसाला मुलाबाळांसाठी चार पैसे मागे ठेवायची सोय त्यामुळे भक्कम झाली. माझ्या पिढीतल्या बहुतेकांची पहिली इस्टेट म्हणजे एलआयसीची पॉलिसी. त्याच वर्षी जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवेला आणि मुलींना मुलांबरोबरीने वाटा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क मिळायला मात्र २००५ साल उजाडलं.

आणि मग जुलै १९५६. महाराष्ट्रापासून मुंबई वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला. एकत्र कुटुंबातली एक खोली परस्पर काढून घ्यावी, तसा हा प्रकार. चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्याला काटेकोर, थंड डोक्याचा अधिकारी म्हणून लोक ओळखत होते, त्याने देशातलं एवढं मोठं पद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्या राजीनाम्याचं वजन फार मोठं होतं.

त्यानंतरची वर्षं बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तिसरे आले. हरले म्हणून कटू झाले नाहीत.

यात त्यांच्या दुसऱ्या पत्नी दुर्गाबाईंची गोष्ट आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यातल्या, संविधान सभेच्या सदस्य. जानेवारी १९५३ मध्ये दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि साक्षीदार म्हणून नेहरूंनी सही केली. दोघांनी आपसात ठरवलं होतं, असं सांगतात, की घरात एकाने मिळवायचं आणि दुसऱ्याने बिनपगारी समाजाचं काम करायचं. दुर्गाबाईंनी १९३७ साली स्थापन केलेली आंध्र महिला सभा तर आधीपासून होतीच. त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही झाल्या. १९७५ साली नवरा-बायको दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणराव गेले.

तो गांधी जयंतीचा दिवस. बँक बंद. मी तेव्हा रोह्याच्या शाखेत होतो आणि घरीच होतो. रेडिओवर बातमी लागली तेव्हा वडील पाटावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कुलाब्यातून १९५२ साली त्यांनी ज्याला मत दिलं होतं, तो माणूस गेला होता.

वडिलांचं नाव निघालं म्हणून आता ती गोष्ट सांगतो, जी आजवर मी या सोसायटीत कोणाला सांगितलेली नाही. माझे वडील हिशोबाचे पक्के. दुधाचा हिशोबसुद्धा वहीत. पण १९८८ साली ते गेले तेव्हा रोह्याच्या घराबद्दल एक ओळ लिहिलेली नव्हती. आई आधीच गेली होती. दादांचं म्हणणं, घर आपल्याला द्यायचं असं वडील आईजवळ बोलले होते. मी म्हटलं, कागद दाखवा. बँकवाल्याची सवय! कागद नव्हता. पुढची अकरा वर्षं मी दादांच्या घरचं पाणी प्यायलो नाही. घराला कुलूप राहिलं. कौलं गेली, मग वासे गेले, एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. अखेर मातीमोलाने विकून पैसे सारखे वाटून घेतले. दादा गेल्यावर वहिनींनी एक दिवस सहज सांगितलं, की दोन्ही बहिणींच्या लग्नाचं कर्ज दादांनी एकट्याने फेडलं होतं. म्हणूनच वडील तसं बोलले असणार. मला ते माहीतच नव्हतं. वडिलांनी त्यांच्या त्या हिशोबाच्या वहीत चार ओळी लिहिल्या असत्या, तर मी आनंदाने सही केली असती.

वाटणी आणि वारसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. वाटणी कागदावर होते आणि जिवंतपणीच करायची असते. वारसा कागदावर मावत नाही. पण वाटणी बिघडली, की वारसाही नासतो. वडिलांनी आम्हाला प्रामाणिकपणा दिला, बहिणींना शिकवलं, दारचा भिकारी कधी रिकामा पाठवला नाही. अकरा वर्षं त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त घर.

म्हणून बँकेतला माणूस म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो विश्वस्त. सोसायटीत नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. खरे वारस कोण ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. देशमुखांकडे शत्रूची मालमत्ता होती तशीच ही, हातात आहे पण आपली नाही. तरी नॉमिनेशन कराच, नाहीतर सोसायटीने बोलायचं कोणाशी? दुसरी, मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, स्वच्छ शब्दांत, तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या समोर सही केली की झालं. साक्षीदारांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. तिसरी, मृत्युपत्र कधीही बदलता येतं, शेवटचं लिहिलेलं खरं धरतात. म्हणून ते केलं की मरण जवळ येतं ही भीती सोडा. आणि चौथी, जी कुठल्याच फॉर्मवर नसते. असं का वाटलं, ते मुलांना समोर बसवून सांगा. एकाला जास्त दिलं तर कारण सांगा. मुलींनाही त्या बैठकीला बोलवा.

चिंतामणरावांच्या नावाने आज रोह्यात कॉलेज आहे. ठाण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी महापालिकेची संस्था आहे, तिथून मुलं अधिकारी होऊन बाहेर पडतात. रिझर्व्ह बँक त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालवते. मेलेल्याच्या इस्टेटीवर त्यांनी लावलेला कर त्यांच्यामागून तीन वर्षांतच गेला. जिवंतपणी स्वतःच्या हाताने उभं केलेलं टिकलं. आपण काही संस्था उभारणारी माणसं नाही. पण २५ वर्षांपूर्वी पेणच्या या मोकळ्या प्लॉटवर, एकमेकांना न ओळखणाऱ्या कुटुंबांनी मिळून ही इमारत उभी केली, हीही लहानशी संस्थाच आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देताना एकही फ्लॅट भांडणामुळे कुलूपबंद राहू नये, एवढं तर आपण करू शकतो.

सभेनंतरच्या सोमवारी मी फॉर्म भरून सेक्रेटरींच्या हाती दिला. त्याच महिन्यात मृत्युपत्र केलं आणि मुलगा, मुलगी, सून, जावई सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. सौ. चहा करायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पण नंतर तीच म्हणाली, की आता हलकं वाटतंय.

पुढच्या सभेत ती यादी वाचायची वेळच येऊ नये, हीच या रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती आणि मनापासून शुभेच्छा.